पद्मिनीत दुसरे इंजिन बसवावे का? मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा चार सिलिंडरचा हिशेब

मिरजेच्या एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे. घरी वडिलांची १९७४ साली पासिंग झालेली प्रीमियर पद्मिनी आहे. बॉडी शाबूत आहे, पण इंजिन तेल खाते, निळा धूर सोडते आणि रत्नागिरीहून परतताना आंबा घाट चढवत नाही. एका गॅरेजने मारुती एस्टीमचे इंजिन बसवून देतो असे सांगितले, दुसऱ्याने मारुती जिप्सीचे सुचवले, तिसऱ्याने प्रीमियरच्याच ११८एनई या गाडीचे. गाडी मागच्या चाकांवर चालणारी असल्याने तिला चार सिलिंडरचे कोणते इंजिन योग्य, त्यासोबत काय काय बदलावे लागेल आणि आरटीओच्या कागदांचे काय, हे त्यांना समजून घ्यायचे आहे.

कोल्हापुरात उद्यमनगरात तीस वर्षे इंजिने बांधण्याचे आणि काही गाड्यांत इंजिने बदलण्याचे काम केल्यावर माझे जे मत झाले आहे, ते आधीच सांगतो. तुमच्या गाडीत मूळ इंजिनच नव्याने बांधून घ्यावे. काही कारणाने ते शक्यच नसेल, तर ११८एनईचे इंजिन त्याच्या गिअरबॉक्ससह घ्यावे. त्यानंतर जिप्सीचे, तेही गिअरबॉक्ससह. एस्टीमचे घेऊ नये. आता या क्रमामागची कारणे.

इंजिन बोनेटखाली मावते की नाही, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो आणि माझ्या अनुभवात तो सर्वांत कमी महत्त्वाचा असतो. पद्मिनीचे बोनेट लांब आहे आणि चार सिलिंडरचे बहुतेक कोणतेही लहान इंजिन तिथे चेनब्लॉकने उतरवता येते. खरे प्रश्न इंजिनाच्या मागे आणि खाली असतात: चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) कुठे खोल आहे, गिअरबॉक्स कोणता लागतो, त्याचा दांडा कुठून वर येतो, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा लांब दांडा) कोणत्या कोनात जातो आणि शेवटी मागचे हाउसिंग (मागच्या एक्सलचे घर) व ब्रेक हे सारे पेलतात का.

एस्टीमचे १,२९८ सीसीचे इंजिन स्वतः उत्तम आहे. अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक असल्याने ते हलके आहे आणि त्याचे सुटे भाग आजही मिळतात. पण ते पुढच्या चाकांच्या गाडीसाठी आडवे, म्हणजे गाडीच्या रुंदीत, बसवलेले इंजिन आहे. त्याच्या मागे जो गिअरबॉक्स येतो त्यातच डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारी गिअरची जोडणी) असते आणि त्यातून दोन एक्सल डावी-उजवीकडे निघतात. मागे प्रोपेलर शाफ्ट जोडावा अशी जागाच त्यात नसते. म्हणजे गिअरबॉक्स दुसरीकडून आणावा लागतो. शिवाय आडव्या इंजिनात हेडच्या फ्लायव्हीलकडच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या, टोकाला जे काही बसवलेले असते, मग तो डिस्ट्रिब्यूटर असो की पाण्याचा आउटलेट, ते इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीत, फिरवताच फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याला) भिडते. मग कोणी फायरवॉल ठोकून आत घेतो, कोणी इंजिन पुढे सरकवतो. पुढे सरकवले की रेडिएटरला आणि पंख्याला जागा उरत नाही आणि पुढच्या चाकांवर भार वाढतो. फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकते ते, कानसुद्धा आडव्या बसवणीच्या हिशेबाने ओतलेले असतात, त्यामुळे ब्रॅकेट नव्याने करावे लागतात.

आडवे इंजिन उभे करणे अशक्य आहे असे मी म्हणत नाही. जपानमध्ये कारखान्यांनी ते सुंदर रीतीने केले आहे. माझदाने १९८९ मध्ये एमएक्स-५ काढली, तेव्हा तिचे १.६ लिटरचे इंजिन पुढच्या चाकांच्या ३२३ या गाडीच्या इंजिन-घराण्यातूनच घेतले होते. टोयोटाचे ४ए-जीई हे १,५८७ सीसीचे इंजिन एई८६ या मागच्या चाकांच्या गाडीत उभे बसले आणि त्याच काळात पुढच्या चाकांच्या करोलात आडवेही बसले. पण या प्रत्येक ठिकाणी कारखान्याने त्या बसवणीसाठी वेगळा चेंबर, वेगळे मॅनिफोल्ड, पाण्याचे वेगळे मार्ग आणि वेगळा गिअरबॉक्स तयार केला. आपल्याकडे लेथ, वेल्डिंग आणि एक चांगला फिटर असतो. त्यांच्या बळावर हे सारे एका गाडीपुरते पुन्हा करणे म्हणजे गाडीच्या किमतीहून जास्त खर्च आणि वर्षभराची खटपट.

आपल्या देशातल्या कंपन्यांनीही इंजिने बदललेलीच आहेत आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा १९८४ मध्ये आली तेव्हा त्या भारदस्त शरीरात अँबॅसडरचेच १,४८९ सीसीचे ब्रिटिश इंजिन होते आणि गाडी बिचारी ओढली जात असे. पुढे त्याच गाडीत इसुझुचे १,८१७ सीसीचे पेट्रोल इंजिन पाच गिअरच्या बॉक्ससह आले आणि गाडीचा स्वभावच पालटला. १९९३ मध्ये तेच इंजिन अँबॅसडरला मिळाले, तेव्हा स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा जाऊन खाली फ्लोअरवर आला. तुमच्या गाडीच्या प्रीमियर कंपनीने १९८५ मध्ये ११८एनई काढली. तिची बॉडी फियाट १२४ ची, इंजिन निस्सानच्या परवान्याचे १,१७१ सीसीचे ए१२. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान दिसेल. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीने आले आणि ही जोडी मुळातच मागच्या चाकांच्या गाडीसाठी घडवलेली होती. एका घरचे इंजिन आणि दुसऱ्या घरचा गिअरबॉक्स असा संसार त्यांनी मांडला नाही.

तसा संसार मी एकदा मांडला होता. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका पद्मिनीत आडव्या बसवणीचे इंजिन उभे करून त्याला दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स जोडण्याचे काम मी घेतले. दोन्हींच्या बोल्टांची भोके जुळत नव्हती, म्हणून मध्ये बारा मिलिमीटर जाडीची पोलादी अ‍ॅडॅप्टर प्लेट करून घेतली. भोके बोल्टांवरून आखली, डॉवेल पिना (दोन्हींचा मध्य पक्का धरणाऱ्या पिना) घातल्या नाहीत. गाडी सुरू झाली, चालली, मालक आनंदाने घेऊन गेले. चार महिन्यांनी क्लचप्लेटचा मधला हब फाटून गाडी टोचन करून परत आली. प्लेट नवी घातली, तीही तितक्याच दिवसांत गेली. मग गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, डायल गेजचा (सूक्ष्म फरक दाखवणाऱ्या घड्याळी मापाचा) चुंबकी स्टँड फ्लायव्हीलवर लावला, गेजची सुई बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या गिअरबॉक्सच्या आवरणाच्या) मधल्या गोल भोकाच्या आतल्या कडेवर टेकवली आणि क्रँक हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवला. सुई एका बाजूला वर गेली आणि समोरच्या बाजूला खाली आली. एकूण फरक ०.८ मिलिमीटर. म्हणजे क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एकमेकांपासून ०.४ मिलिमीटर सरकलेले होते. डोळ्याला न दिसणारे हे अंतर प्रत्येक फेऱ्याला क्लचप्लेटचा हब एकदा वाकवत होते आणि मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या हिशेबाने धातू थकत होता. हा फरक सुईवर ०.१२ मिलिमीटरच्या आत असावा लागतो. नवी प्लेट केली, आधी गेजने मध्य साधला, मग जागेवरच डॉवेलची भोके रीमरने मारली, त्यानंतर ती तक्रार राहिली नाही. तेव्हापासून डायल गेज न लावता बॉक्स बंद करायचा नाही, हा माझ्या कामाच्या जागेचा नियम आहे, आणि कोणी अ‍ॅडॅप्टर प्लेट करून देतो असे म्हणाले तर तुम्ही त्यांना पहिला प्रश्न हाच विचारावा की मध्य कशाने साधणार.

जोडीने आलेले इंजिन आणि गिअरबॉक्स घेतले की ही जोखीम मुळातच टळते. म्हणून उरतात दोन पर्याय, जिप्सी आणि ११८एनई.

जिप्सीची गोष्ट मोहात पाडणारी आहे. १९९६ पासूनच्या जिप्सी किंगमध्ये १,२९८ सीसीचे जी१३ इंजिन उभे बसलेले आहे आणि २००० च्या सुमारास त्याला सोळा व्हॉल्व्ह व एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारी यंत्रणा) मिळून ताकद ८० अश्वशक्तीवर गेली. पद्मिनीची मूळ ताकद चाळिशीच्या आसपास, म्हणजे ही दुप्पट झाली. जिप्सीच्या रचनेतली एक सोय फार थोड्यांच्या लक्षात येते. तिची ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला चिकटलेली नसून वेगळी असते आणि एका आखूड शाफ्टने जोडलेली असते. त्यामुळे ती काढून टाकून गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजला थेट प्रोपेलर शाफ्ट जोडता येतो. मात्र दोन गोष्टी तिच्याबरोबर जातात. स्पीडोमीटरची केबल जिप्सीत ट्रान्सफर केसमधून निघते, तेव्हा किलोमीटर मोजायला दुसरी सोय करावी लागते. आणि हाय रेंजमध्ये, म्हणजे नेहमीच्या चालीतही, ती केस फेरे सुमारे १.४ पटीने कमी करते. ती गेल्यावर सगळे गिअर त्या प्रमाणात लांब होतात.

हे लांब होणे तोट्याचे नाही, उलट पद्मिनीत ते उपयोगी पडते. हिशेब करून पाहा. चाकाचा घेर जमिनीवर खडूने खूण करून मोजा. समजा तो १.९ मीटर भरला. हाउसिंगमधला क्राउन-पिनियन (चाकांआधीची शेवटची गिअरची जोडी) ४.३ चा धरला (तुमच्या गाडीत दात मोजून खात्री करा), तर ताशी ८० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ७०० फेरे घेते आणि चौथ्या, म्हणजे सरळ गिअरमध्ये इंजिन सुमारे ३,००० फेरे. जिप्सीच्या पाचव्या गिअरचे प्रमाण ०.८ च्या आसपास असल्याने तोच वेग २,४०० फेऱ्यांवर निघतो. पद्मिनीचे इंजिन लांबच्या प्रवासात का थकते आणि जिप्सीचे का थकणार नाही, ते या दोन आकड्यांत दिसते. बाजारात कोणताही गिअरबॉक्स पसंत करण्यापूर्वी हा हिशेब वहीवर मांडावा. इंजिन बसल्यावर क्राउन-पिनियन बदलायला निघणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

मग जिप्सीचे इंजिन पहिल्या क्रमांकावर का नाही? कारण दुप्पट ताकद पुढून दिली की ती मागपर्यंत पेलण्याची जबाबदारी येते. पन्नास वर्षांपूर्वीचे हाफ शाफ्ट, त्यांच्या स्प्लाइन, क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि पानपाटे हे सगळे चाळीस अश्वशक्तीच्या हिशेबाने केलेले आहे. एमपीएफआय इंजिन घेतले की टाकीत उच्च दाबाचा पंप, परतीची नळी, पूर्ण वायरिंग हार्नेस, ईसीएम (इंजिनाचा संगणक) आणि सगळे सेन्सर आलेच. कार्ब्युरेटरच्या गाडीची टाकी आतून मोकळी असते, त्यामुळे घाटातल्या वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकून पंप हवा ओढतो आणि गाडी नेमकी चढावर झटके खाते. हार्नेस अर्धा कापून आणलेला असेल, तर ते इंजिन फुकट मिळाले तरी घेऊ नये.

व्हर्सा आणि ईको याही मागच्या चाकांच्या, चार सिलिंडरच्या आणि उभ्या इंजिनाच्या गाड्या आहेत, आणि त्यांची इंजिने सहज मिळतात म्हणून हल्ली त्यांचीही नावे निघतात. पण ती इंजिने पुढच्या सीटखाली मावावीत म्हणून एका बाजूला कललेली असतात. ती ताठ केली तर चेंबरमधल्या तेलाची पातळी आणि पिकअप जाळीची जागा चुकते. कललेलीच ठेवली तर बोनेटखाली एक बाजू अडते. गिअरचा दांडाही तिथे लांबून जोडणीने चालतो. मी ती वाट सुचवणार नाही.

११८एनईचे ए१२ इंजिन पद्मिनीच्या प्रकृतीला मानवते. ताकद ५२ अश्वशक्ती, म्हणजे वाढ सुमारे पावपट; हाउसिंगला ती पेलते. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, कार्ब्युरेटरवर चालणारे, वायरिंग मोजकेच. ७३ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७० मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) असल्याने ते मूळ इंजिनापेक्षा मोकळेपणी फेरे घेते. शेवटच्या काळातल्या एस१ पद्मिनीला कंपनीनेच ११८एनईच्या जातीचा फ्लोअर शिफ्ट (खाली फ्लोअरवरचा गिअरचा दांडा) दिला होता, त्यामुळे अशी एखादी गाडी शेजारी उभी करून फ्लोअर कुठे आणि किती कापायचा याचा नमुना घेता येतो. हे महत्त्वाचे आहे, कारण पद्मिनीला वेगळी चासी नाही. मधला बोगदा हाच तिच्या शरीराचा कणा आहे आणि तो गॅस कटरने वाटेल तसा कापला की दारे बसेनाशी होतात. अडचण एकच, की ११८एनईच आता दुर्मीळ झाली आहे. इंजिन मिळाले तरी त्याचे पिस्टन, ऑइल पंप आणि गिअरबॉक्सचे सिंक्रो आधी हातात आले पाहिजेत, मग पैसे द्यावेत.

कोणतेही इंजिन घेतले तरी दोन गोष्टींवर मी अडून बसतो: शाफ्टचा कोन आणि फाउंडेशन. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस जॉइंट कोनात फिरू लागला की पलीकडचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन दहा अंशांचा असेल, तर हा चढउतार दोन्हीकडे सुमारे दीड टक्का होतो. दुसऱ्या टोकाच्या जॉइंटचा कोन तितकाच ठेवला आणि दोन्ही योक (शाफ्टच्या टोकांचे दुबेळके) एका रेषेत जुळवले, तर पहिल्याने घातलेला गोंधळ दुसरा निस्तरतो. म्हणून गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि हाउसिंगचा पिनियन हे बाजूने पाहता एकमेकांना समांतर हवेत. मी तीस रुपयांच्या कोनमापकाला ओळंबा बांधूनही हे मोजले आहे. आता मोबाइलमध्येही ते मोजता येते. गाडी चाकांवर उभी आणि आत माणसे बसलेली असताना मोजा, जॅकवर नव्हे. प्रत्येक जॉइंटचा कोन तीन अंशांच्या आत ठेवा, पण शून्यही करू नका. कोनच नसेल तर क्रॉसच्या सुया जागच्या जागी राहतात आणि तिथे खड्डे पडतात. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगचा रबर नवा घाला, आणि शाफ्ट आखूड करून आणला की तो बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून घ्या. साठाच्या वेगाला येणारी घरघर, जी लोक इंजिनाची समजतात, ती बहुतेक वेळा इथली असते.

फाउंडेशनचे कारण चार सिलिंडरच्या स्वभावात आहे. पहिला आणि चौथा पिस्टन वर जातात तेव्हा दुसरा आणि तिसरा खाली येतात, म्हणून मोठे धक्के एकमेकांना खोडतात. पण कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे पिस्टन वरच्या अर्ध्या वाटेत खालच्या अर्ध्यापेक्षा अधिक वेगाने धावतो, आणि हा छोटा फरक चारही सिलिंडरांत एकाच वेळी एकाच दिशेला येतो, म्हणून तो खोडला जात नाही. क्रँकच्या दुप्पट गतीने हा वर-खाली होणारा थरथराट सुरू राहतो आणि फेरे दुप्पट झाले की तो चौपट होतो. तो गिळण्याचे काम फाउंडेशनच्या रबराचे आहे. नव्या इंजिनासोबत त्याच गाडीची मूळ रबरे आणावीत आणि ब्रॅकेट त्यांच्या मापाने करावेत. लोखंडी पट्टीवर थेट बोल्ट मारलेले इंजिन पहिल्या महिन्यात घट्ट वाटते. वर्षभरात बॉडीचे स्पॉट वेल्ड उकलू लागतात.

ब्रेकबद्दल थोडक्यातच सांगतो, पण ते हलके समजू नये. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत. एक टन वजनाची गाडी ताशी ७० वरून १०० वर गेली की थांबवण्यासाठी जिरवायची ऊर्जा दुपटीहून किंचित जास्त होते. इंजिन दिले आणि ब्रेक तेच ठेवले, तर आंबा घाट चढणे सोपे होईल आणि उतरणे धोक्याचे. जिप्सीचे इंजिन घालायचे असेल, तर पुढे डिस्क आणि दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर हा खर्च पहिल्या यादीत लिहा, शेवटच्या नव्हे.

आता कागद. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि कारखान्याने दिलेली मूळ वैशिष्ट्ये यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडक लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. इंजिनाचा नंबर नोंदवहीत असतो, म्हणून त्याच जातीचे इंजिन बदलतानासुद्धा आधी आरटीओकडे लेखी अर्ज करावा आणि इंजिन कोणत्या गाडीतून आले त्याचे बिल व त्या गाडीची नोंद रद्द झाल्याचा कागद हाती ठेवावा. वेगळ्या कंपनीचे, वेगळ्या क्षमतेचे इंजिन असेल, तर परवानगी मिळेल असे गृहीत धरून एक नटसुद्धा सोडू नये. नोंद नसलेल्या इंजिनाच्या गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि समोरच्या जखमी माणसाची भरपाई तुमच्या घरावर येऊ शकते.

तुमच्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या दृष्टीने तीच निर्णायक आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्यासाठी बॉडी, चासी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. तुमची १९७४ ची गाडी त्या उंबरठ्यावर पोहोचली आहे. व्हिंटेज नोंदणी घेतली की रोजच्या वापराला मनाई असते, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच गाडी रस्त्यावर नेता येते, तेव्हा ती घ्यावी की न घ्यावी हे तुम्ही ठरवा. पण तो दरवाजा उघडा ठेवायचा असेल, तर मूळ इंजिन गाडीतच राहिले पाहिजे. मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाड्या ज्या मूळ रूपात उरल्या आहेत, त्यांची संख्या आता कमीच होत जाणार.

शिवाय ते मूळ इंजिन वाईट नाही, ते झिजले आहे. ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, १,०८९ सीसी; याच इंजिनाने हजारो टॅक्सी दिवसरात्र ओढल्या. घाटात दम टाकणे हा त्याचा जन्मदोष नसून रिंगांतून निसटणाऱ्या दाबाचा परिणाम असतो, हे मी कितीतरी गाड्यांत पाहिले आहे. इंजिन उघडल्यावर प्रत्येक सिलिंडर बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने व आडवा, असा सहा ठिकाणी मोजून घ्या. वरच्या कडेला बोटाच्या नखाला अडणारा ओठ लागत असेल, तर नुसत्या रिंगा बदलून भागणार नाही. बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागतील, आणि आधीच शेवटच्या मापाला गेले असेल तर लायनर (सिलिंडरमध्ये बसवायची नवी नळी). नवी रिंग सिलिंडरमध्ये एकटी घालून, पिस्टनने सरळ ढकलून, तिच्या तोंडातली फट फीलर गेजने तपासा. दर २५ मिलिमीटर बोअरमागे ०.१ मिलिमीटर या अंदाजाने ती ०.२७ च्या आसपास यावी. हेडला फेसिंग करून घ्या, पण आधी सरळपट्टी लावून वाक किती आहे ते पाहा आणि तेवढेच उतरवा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते, म्हणून पेट्रोलच्या साऱ्या रबरी नळ्या आणि मेकॅनिकल पंपाचा पडदा नव्या पेट्रोलला टिकणाऱ्या जातीचे घाला, आणि टाकी आतून धुऊन घ्या; इथेनॉल जुना गाळ सोडवतो आणि तो थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये येतो.

हे सगळे करण्यापूर्वी एक सोपी तपासणी घरच्या घरी करा. इंजिन गरम असताना चारही प्लग काढा, डिस्ट्रिब्यूटरची कॉइलकडची वायर सोडवा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावून सेल्फ चार-पाच फेरे मारा. आकडा लिहून ठेवा. मग त्याच सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. तेल घातल्यावर आकडा चांगला चढला, तर गळती रिंगांतून आहे आणि बोअरिंगचे काम ठरले. चढला नाही, तर गळती बहुधा व्हॉल्व्हमधून आहे. मग कदाचित नुसते हेड उतरवून ग्राइंडिंग केल्याने भागेल आणि ज्या इंजिनाला काढून टाकायचा विचार चालला आहे, ते चेंबर न उघडताच घाट चढू लागेल. हे आठ आकडे हाती आले की कोणत्या गॅरेजला हो म्हणायचे, ते तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.